सगळा खेळ तबकडीचा

मागच्या अंकात व्हीसीआरच्या हेडवर लिहिताना ओघात एक वाक्य लिहून बसलो, की कधीतरी सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनबद्दलही, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या त्या गेमयंत्राबद्दल, सांगेन. ते वाक्य महागात पडलं. संपादकांनी परवा पत्रांची पिशवीच दुकानावर पाठवून दिली. पुण्याच्या तापकीर गल्लीत छत्तीस वर्षं सोल्डरिंगचा धूर खातोय. मिक्सरपासून देवळातल्या आरतीच्या यंत्रापर्यंत सगळं उघडून झालं, पण त्या राखाडी डब्याइतकी माया लोकांनी दुसऱ्या कशावर केलेली पाहिली नाही. पत्रं लिहिणारे बहुतेक आता चाळिशीत आहेत. तेव्हा आईचा पदर धरून मशीन घेऊन यायचे, आता स्वतःची मुलं घेऊन येतात. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ज्यांचं राहिलं त्यांनी रागावू नये, दुकानात यावं, चहा पाजतो.

वाईहून एक गृहस्थ लिहितात: माझा मुलगा म्हणतो, प्लेस्टेशन मुळात निन्टेन्डोचं होतं, सोनीने ढापलं. मी म्हणतो, मशीनवर सोनी लिहिलंय म्हणजे सोनीचं. एक किलो कंदी पेढ्यांची पैज लागली आहे. कोण जिंकलं?

पेढे अर्धे-अर्धे वाटून घ्या. मुलगा अगदीच चुकलेला नाही, फक्त ‘ढापलं’ हा शब्द त्याने मागे घ्यावा.

सोनीत केन कुतारागी नावाचा इंजिनियर होता. १९७५ साली नोकरीला लागलेला, डोक्याने तल्लख, आणि वरच्यांना न विचारता कामं अंगावर घ्यायची खोड असलेला. त्याची लहान मुलगी निन्टेन्डो ह्या जपानी गेम कंपनीच्या फॅमिकॉमवर खेळायची. (हे तेच यंत्र, ज्याच्या नकला आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघरी होत्या आणि ज्यांच्या कॅसेटीत फुंकर मारल्याशिवाय खेळ सुरू होत नसे.) कुतारागीला खेळाबद्दल तक्रार नव्हती, त्यातला आवाज मात्र त्याला सोसवेना. म्हणून निन्टेन्डोच्या पुढच्या यंत्रासाठी, म्हणजे सुपर फॅमिकॉमसाठी, आवाजाची चिप बनवायचं काम त्याने गुपचूप घेतलं. एसपीसी७०० हे तिचं नाव. सोनीच्या बड्या मंडळींना पत्ता लागला तेव्हा ती भडकली. आपला पगार खाऊन हा खेळण्यांच्या कंपनीची चाकरी करतो! नोकरी वाचली ती अध्यक्ष नोरिओ ओगा यांनी पाठीशी घातलं म्हणून.

हे ओगा मला फार आवडतात. मूळचे गायक, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत बर्लिनमध्ये शिकलेले. विद्यार्थी असताना त्यांनी सोनीच्या टेपरेकॉर्डरमधले दोष काढले, तेही इतके नेमके, की कंपनीने ह्या टीकाकारालाच आपल्यात ओढलं. माझ्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं तर मीही त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देईन. सीडी बाजारात आणण्यात ओगांचा मोठा वाटा. सीडी काढली सोनी आणि हॉलंडच्या फिलिप्सने मिळून, १९८२ साली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर चिपमुळे निन्टेन्डोशी ओळख वाढली आणि १९८८ मध्ये करार झाला. निन्टेन्डोच्या यंत्राला सोनी सीडीची जोड देणार होती. शिवाय सोनी स्वतःच्या नावाने असं एक यंत्र काढणार होती, ज्यात कॅसेटही लागेल आणि सीडीही. त्याचं नाव ‘प्ले स्टेशन’, तेव्हा दोन शब्दांत. मेख करारात होती. सीडीवर निघणाऱ्या खेळांचे हक्क सोनीकडे राहणार होते. निन्टेन्डोची कमाई खेळ विकण्यातून. यंत्र हे नुसतं गिऱ्हाईक दुकानात आणायचं निमित्त. निन्टेन्डोचे मालक हिरोशी यामाउची यांच्या ध्यानात आलं, की तबकडीचं आपण मान्य केलं म्हणजे दुकानाची किल्लीच भाडेकरूच्या हाती दिली.

जून १९९१ मध्ये शिकागोत इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं. सोनीने झोकात ‘प्ले स्टेशन’ जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने त्याच प्रदर्शनात सांगून टाकलं, की सीडीचं काम आम्ही फिलिप्सबरोबर करणार. भर मांडवात नवरदेव शेजारच्या बोहल्यावर जाऊन उभा! आणि शेजारी तरी कोण, तर सीडीच्या वेळचा सोनीचा सख्खा भागीदार. आपल्याकडच्या भावकीच्या जमिनीच्या खटल्यांना लाजवेल असा प्रकार.

पुढे वर्षभर बोलणी रखडली. सोनीतले बरेच जण म्हणत होते, झालं ते बरं झालं, खेळणी हा आपला धंदा नव्हे. १९९२ च्या उन्हाळ्यात कुतारागीने ओगांसमोर सांगितलं, की माझ्याकडे स्वतंत्र यंत्राचा आराखडा तयार आहे, कॅसेट नाही, फक्त सीडी. ओगांना शिकागोची जखम होतीच. त्यांनी होकार दिला, आणि त्याला कंपनीतल्या विरोधकांच्या तावडीतून काढून सोनीच्या संगीत कंपनीच्या छत्राखाली नेऊन बसवलं. १६ नोव्हेंबर १९९३ ला सोनी आणि सोनी म्युझिक यांची जोडकंपनी उभी राहिली, सोनी कॉम्प्युटर एन्टरटेनमेन्ट.

संगीतवाले सोबत होते हे लोक सहज विसरतात. मला वाटतं खरी बाजी तिथेच मारली. कॅसेटीत चिप असते. ती बनवून घ्यायला महिने जातात आणि पैसे आधी मोजावे लागतात. किती विकल्या जातील याचा अंदाज चुकला की गोदामात ढीग, नाहीतर दुकानात खडखडाट. गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्यांना हा प्रश्नच नव्हता. आधी थोड्या छापायच्या, खपल्या की काही दिवसांत आणखी छापायच्या. शिवाय तबकडी स्वस्त. सुपर फॅमिकॉमची मोठी कॅसेट जपानात दहा हजार येनच्या आसपास जायची, प्लेस्टेशनचे खेळ ५,८०० येनला मिळू लागले. आणि जागा? त्या यंत्राच्या मोठ्यात मोठ्या कॅसेटीत ६ एमबी, सीडीत साडेसहाशे. १९९६ मध्ये निन्टेन्डोने नवं यंत्र काढलं तेही कॅसेटीचंच. तोपर्यंत निन्टेन्डोच्या घरातली समजली जाणारी स्क्वेअर कंपनी आपला पुढचा मोठा खेळ घेऊन सोनीकडे निघून गेली. तो खेळ १९९७ साली तीन सीडींवर आला.

यंत्र जपानात ३ डिसेंबर १९९४ ला निघालं, किंमत ३९,८०० येन. सेगा ह्या दुसऱ्या जपानी गेम कंपनीचं सॅटर्न अकराच दिवस आधी ४४,८०० येनला आलं होतं. अमेरिकेतला प्रसंग आणखी मजेदार. मे १९९५, लॉस एंजेलिसचं प्रदर्शन. सेगाने जाहीर केलं, आमचं यंत्र ३९९ डॉलरला, आजपासूनच दुकानात. थोड्या वेळाने सोनीचे स्टीव्ह रेस माइकपाशी गेले, ‘टू नाइन्टी-नाइन’ एवढंच म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. भाषण संपलं. आमच्या गल्लीतल्या दुकानदारांना मी हे कितीदा सांगितलंय, पण एका वाक्यात भाव सांगून गप्प बसणं पुण्यात कुणाला जमायचं नाही.

तेव्हा निकाल असा: कॅसेटीच्या खाचेचं ‘प्ले स्टेशन’ दोघांचं, ते बाजारात आलंच नाही. तुमच्या घरातलं प्लेस्टेशन एकट्या सोनीचं, आणि सोनीचं ते पहिलंच घरगुती गेमयंत्र. पेढ्यांतला पावशेर माझा.

बार्शीहून: आमच्या मशीनच्या काही सीड्या खालून काळ्या आहेत, बाकीच्या चंदेरी. काळ्या म्हणजे अस्सल का? आणि ‘चिप मारलेलं मशीन’ म्हणजे नेमकं काय मारलेलं?

हो, अस्सल सीडी खालून काळी. नकलेला आळा म्हणून तो रंग आहे असं पुष्कळ जण सांगायचे, मीही पूर्वी गिऱ्हाइकांना तेच सांगत असे. तसं नाही. सीडी वाचणारा लेझर डोळ्याला न दिसणारा, ७८० नॅनोमीटरचा. त्याला तो काळा रंग आरपार. रंग दिसण्यापुरता, अंधारात हातात घेतली तरी ‘ही माझी’ म्हणावं असा.

खरं कुलूप तबकडीच्या आतल्या कडेला. लेझर ज्या वाटेवरून वाचत जातो, तिला तिथे मुद्दाम एक बारीकशी लचक दिलेली असते आणि त्या लचकीत चार अक्षरं दडलेली: जपानच्या सीडीत एससीईआय, अमेरिकेच्या एससीईए, युरोपच्या एससीईई. यंत्र सुरू झालं की आधी ही अक्षरं वाचतं. घरच्या सीडी रायटरला त्या वाटेवर माहितीच्या खुणा उमटवता येतात, वाट लचकवता येत नाही. त्यामुळे नकलेत खेळ शंभर टक्के उतरतो, पण परवलीचा शब्द उतरत नाही. दाराशीच अडतो.

चिप म्हणजे आठ पायांचा एक छोटा मायक्रोकंट्रोलर. चार-पाच बारीक तारांनी तो बोर्डवर जोडायचा. यंत्राने ‘कोण?’ विचारलं की सीडीच्या आधी हाच ‘मी, मी’ म्हणून ती अक्षरं सांगतो. पुढेपुढे काही खेळ अशी चिप आहे का हे तपासू लागले. मग अशा चिपा आल्या, ज्या एकदा खोटं बोलून झालं की तोंड मिटून बसतात.

मी चिपा बसवल्या का? बसवल्या. सकाळच्या गाडीने मुंबईला जायचं, लॅमिंग्टन रोडवरून कोऱ्या चिपा घ्यायच्या, संध्याकाळी परत, आणि रात्री जेवण झाल्यावर डोळ्याला भिंग लावून बसायचं. ते बेकायदा आहे हे मला कळत होतं आणि मुलांच्या बापांनाही. पण अस्सल सीडी हजाराच्या पुढे, तीही बाहेरून येणाऱ्या कुणाला तरी गळ घालून मागवायची. फुटपाथवरची नक्कल शंभराला, घासाघीस केली तर सत्तर. तासाला दहा-पंधरा रुपये घेऊन पोरांना खेळू देणारी जी दुकानं गल्लोगल्ली निघाली, ती सगळी ह्या सत्तर रुपयांवर उभी होती. सोनीने तबकडी घेतली ती स्वस्त आणि झटपट छापता येते म्हणून. तेच दोन गुण नकला करणाऱ्यांच्याही कामी आले. निन्टेन्डोने कॅसेट न सोडण्याचं हेही एक कारण होतं, आणि त्यांची ती भीती खोटी नव्हती.

बाहेरून आणलेल्या मशीनची आणखी एक भानगड असायची. जपानचं मशीन १०० व्होल्टचं, अमेरिकेचं १२० चं. काकांनी प्रेमाने आणलेलं मशीन पुतण्याने पेटीतून काढून थेट आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात खुपसायचं. फट्! दिवाळी नसताना दिवाळी. पॉवर सप्लायच्या पट्टीतला कपॅसिटर फुटलेला, पुतण्या रडवेला, आणि काका विमानात. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून मशीन सुरू केलं तरी आपल्या पाल पद्धतीच्या जुन्या टीव्हीवर त्यांचं एनटीएससी चित्र काळं-पांढरं दिसायचं. एका मुलाने वर्षभर तसंच खेळून काढलं. रंगीत झाल्यावर म्हणाला, ‘काका, ही गाडी लाल होती होय!’

नाशिकहून एक विद्यार्थिनी: मी कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकते. बाबांच्या जुन्या प्लेस्टेशनवर भिंती थरथरतात आणि जमिनीच्या फरशा वाकड्या होतात. केबल खराब आहे का?

नाही बाळ, केबल बदलू नकोस. मशीन ठणठणीत आहे, ते जन्मतःच असं आहे.

ठिपक्यांची रांगोळी काढली आहेस ना? रेघ ठिपक्यावरच सुरू होते आणि ठिपक्यावरच संपते. ह्या यंत्राचं तसंच. त्यात दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा भागच नाही. भिंतीचा कोपरा पडद्यावर कुठे येईल याचं गणित पूर्णांकात होतं आणि कोपरा जवळच्या ठिपक्यावर बसवला जातो. ठिपके तरी किती, बहुतेक खेळांत ३२० गुणिले २४०. तू हळूहळू चालतेस तेव्हा कोपऱ्याने दोन ठिपक्यांच्या मधे असायला हवं. तिथे जागा नाही, म्हणून तो टुणकन पुढच्या ठिपक्यावर जातो. असे शेकडो कोपरे एकाच वेळी उड्या मारतात, म्हणून भिंत थरथरते.

फरशांचं कारण वेगळं. त्रिकोणावर चित्र चिकटवताना यंत्र ते सगळीकडे सारखं ताणतं, जवळचं मोठं आणि लांबचं लहान हा हिशेब त्यात धरत नाही. त्याला भागाकार लागतो आणि भागाकाराला वेळ लागतो. म्हणून शहाबादी फरशी जवळ गेलं की मधेच दुमडल्यासारखी दिसते. हुशार खेळवाले जमिनीचे बारीक बारीक तुकडे करून हे झाकायचे.

पण १९९४ सालच्या घरगुती यंत्रात एवढं तरी होणं हेच नवल होतं. कुतारागीने सोनीच्या प्रयोगशाळेत ‘सिस्टम जी’ नावाचं, टीव्ही केंद्रांसाठी बनवलेलं यंत्र पाहिलं होतं. चित्राला अवकाशात हवं तसं फिरवणारं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे बसलेलं. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांना मात्र पटत नव्हतं. १९९३ च्या अखेरीस सेगाचा त्रिमितीतल्या मारामारीचा खेळ आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानांत, आला आणि सगळ्यांची मतं एका रात्रीत फिरली.

तुला आकड्यांची आवड असेल म्हणून एक गंमत सांगतो. ह्या यंत्राच्या प्रोसेसरचा वेग ३३.८६८८ मेगाहर्ट्‌झ. असा विचित्र आकडा का? गाण्याच्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्याला ७६८ ने गुण. घड्याळसुद्धा तबकडीच्या तालावर लावलंय.

मिरजेहून एक संगीतप्रेमी: मुलाच्या प्लेस्टेशनमध्ये गाण्याची सीडी चालते असं तो म्हणतो. आमच्या गावात वाद्यं बनतात, कानाला खोटं खपत नाही. आवाज बरा असतो का?

चालते, आणि आवाज बरा नव्हे, चांगला असतो. सुरुवातीच्या मॉडेलांच्या पाठीला लाल-पांढरी आरसीए भोकं थेट दिलेली असत. परदेशातले ध्वनिवेडे लोक ती मशीनं शोधून, खेळायला नव्हे, निव्वळ सीडी प्लेअर म्हणून वापरतात. तुमच्याकडचं तसलं असेल तर एकदा अॅम्प्लिफायरला जोडून पाहाच.

शिवाय एक खोडकरपणा. पहिल्या दिवशी यंत्राबरोबर जो मोटारशर्यतीचा खेळ आला, नामकोचा ‘रिज रेसर’, तो अख्खा यंत्राच्या २ एमबी स्मृतीत मावत असे. एकदा चढला की सीडीचं काम फक्त पार्श्वसंगीतापुरतं. मग झाकण उघडायचं, आपली सीडी ठेवायची, आणि शर्यत त्या गाण्यांवर. मी सदाशिव पेठेत एका घरी मशीन जोडून द्यायला गेलो असताना तिथल्या पोराने आजोबांची अभंगांची सीडी आत टाकली होती. गाडी दीडशेने वळण घेते आहे आणि मागे टाळ-मृदंग. आजोबा आधी रागावले, मग खुर्ची पुढे ओढून बसले.

रत्नागिरीहून: लोक हे मशीन उलटं ठेवून खेळायचे असं वाचलं. खरं की थाप?

खरं. अगदी पहिल्या मॉडेलांत लेन्स ज्या पट्टीवर सरकते ती प्लॅस्टिकची होती आणि शेजारीच पॉवर सप्लाय. उष्णतेने आणि घासून पट्टी झिजली की लेन्स किंचित कलायची, चित्र अडखळायचं. उलटं केलं की लेन्सचा भार दुसऱ्या बाजूला यायचा आणि काही दिवस निभायचं. जगभर लोकांनी हा उपाय आपापला शोधून काढला. नंतरच्या मॉडेलांत लेन्सची जागाच बदलली.

अकोल्याहून: रिमोटवर ए, बी, सी सोडून त्रिकोण, गोल, फुली, चौकोन कशाला?

तेइयू गोतो ह्या रेखाटनकाराची करामत. गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नाही. जपानी शाळेत मास्तर बरोबर उत्तराला गोल करतात, तुम्हाला-आम्हाला मात्र लाल गोल दिसला की पोटात गोळा येतो. त्रिकोण म्हणजे डोकं, बघायची दिशा. चौकोन म्हणजे कागद, यादी. अमेरिकेत गोल-फुलीचा अर्थ उलटा झाला, फुली म्हणजे हो. आपल्याकडे दोन्हीकडची मशीनं आली, त्यामुळे एकाच वाड्यातल्या दोन पोरांत यावरून मारामाऱ्या. रिमोटच्या खाली जी दोन शिंगं आहेत, ती ओगांच्या हट्टामुळे. आधीचा आराखडा चपटा होता. ओगा विमान चालवायचे, हातात मूठ भरून काहीतरी आलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. हे गायक-वैमानिक अध्यक्ष नसते, तर तुमचे अंगठे आणखी दुखले असते.

चिंचवडहून: माळ्यावर जुनं प्लेस्टेशन सापडलं. विकलं तर लाखो रुपये येतात असं ऐकतो.

ऐकता ते दुसऱ्याच मशीनबद्दल. वर वाईच्या उत्तरात जे निन्टेन्डो-सोनीचं दोन शब्दांचं यंत्र सांगितलं, त्याचा एक नमुना अमेरिकेत सापडला. दिवाळं निघालेल्या एका कंपनीच्या जुन्या सामानाचा लिलाव २००९ मध्ये झाला, तिथे देखभालीचं काम करणाऱ्या माणसाने ७५ डॉलरला एक गठ्ठा घेतला, त्यात हे होतं. मार्च २०२० मध्ये ते ३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. तुमचं तसं नाही. सोनीने पहिल्या प्लेस्टेशनची, मागून आलेल्या छोट्या पांढऱ्या पीएस वनसह, दहा कोटी पंचवीस लाखांच्या आसपास मशीनं विकली. टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांत एवढी विकली जाणारी ती पहिलीच. २००६ च्या मार्चपर्यंत ती बनत होती. दुर्मीळ म्हणावं असं त्यात काही नाही. पाठीवरचा नंबर बघा. एससीपीएच-१००० असेल तर ते जपानचं पहिलं मॉडेल, हौशी माणूस बरे पैसे देईल. बाकी, पुसून घ्या आणि खेळा.

शेवटचं पत्र कोल्हापूरच्या एका ताईंचं: भाऊ शिकायला अमेरिकेला गेला, तिकडचाच झाला. त्याचं मशीन आणि मेमरी कार्ड माझ्याकडे आहे. पंचवीस वर्षं बंद. पुढच्या महिन्यात तो येतोय. त्याचा अर्धवट राहिलेला खेळ कार्डात अजून असेल का?

असण्याची शक्यता चांगली आहे, ताई. जुन्या कॅसेटीत खेळ जपायला बारकी बॅटरी असायची, ती संपली की सगळं गेलं. ह्या कार्डात बॅटरी नाही, फ्लॅश मेमरी आहे. वीज नसली तरी धरून ठेवते. जागा इनमिन १२८ केबी, आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोलाही पुरणार नाही, पण त्यात पंधरा खेळांची खूण राहते.

आधी मशीनच्या पाठीवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा. १०० किंवा १२० असेल तर बोर्डात लावू नका, ट्रान्सफॉर्मर आणा. वायर कुठे कडक झाली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, बघा. कार्डाच्या पितळी पट्ट्यांवरून कोरडा मऊ कपडा फिरवा, फुंकर मारू नका, थुंकी उडते. मग सीडी न घालता मशीन सुरू करा. तो गंभीर आवाज येईल, आणि पडद्यावर मेमरी कार्डाची पाटी दिसेल. आत गेलात की पंधरा चौकोन. ज्यात चित्र हलतंय तो भावाचा. बघा, आणि बंद करा. तिथेच ‘कॉपी’च्या शेजारी ‘डिलीट’ असतं, आणि तुमच्या मशीनवर गोल म्हणजे हो की फुली म्हणजे हो, हे मला इथे बसून सांगता येत नाही.